बार्बाडोसला राहायला जाताय? भाडं कुठल्या डॉलरमध्ये ते विचारा
बार्बाडोसमध्ये घर बघताना भाड्याचा आकडा कुठल्या डॉलरमध्ये आहे, हे लेखी विचारून घ्या. 1975 पासून 2 बार्बाडोस डॉलर म्हणजे 1 अमेरिकी डॉलर, आणि व्यवहारात दोन्ही चालतात. गफलत झाली तर भाडं थेट दुप्पट! वीजबिल भाड्यात धरलंय का, तेही बघा; वीज मुख्यतः आयात तेलावर बनते, त्यामुळे रात्रभर एसी लावला की बिल फुगतंच. किराणाही बराचसा जहाजाने येतो, म्हणून भाजी ब्रिजटाउनच्या चीपसाइड बाजारातून आणि मासळी ऑइस्टिन्सहून घ्यावी. घरचा मिक्सर मात्र नेऊ नका. तिथली वीज 115 व्होल्टची, आपला मिक्सर 230 चा. ओल्या खोबऱ्याची चटणीसुद्धा धड वाटली जाणार नाही. नळाचं पाणी बिनधास्त प्या.