ऑनलाइन कोर्सची मॉड्यूल्स विस्कटतात कुठे? या चुका टाळा

वर्गाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर "सर, असायनमेंट खंय आसा?" हा प्रश्न पुन्हा पुन्हा येत असेल, तर मुलांना आळशी ठरवण्याआधी आपलाच कोर्स विद्यार्थ्याच्या लॉगिनने उघडून पाहावा. असायनमेंट बहुतेक वेळा टाकलेली असते. फक्त पहिल्या मॉड्यूलमध्ये ती व्हिडिओच्या खाली असते, दुसऱ्यात वेगळ्या टॉपिकमध्ये आणि तिसऱ्यात पीडीएफच्या शेवटच्या पानावर. फाइल ज्या दिवशी तयार झाली त्या दिवशी, जिथे सुचलं तिथे ती चढवली गेली. शिक्षकाला ती सापडते, कारण त्यानेच ती ठेवलेली असते.

युनिट उचललं, मॉड्यूल केलं

माझ्या मते सगळ्यात महागात पडणारी चूक ही. थिअरीच्या एका क्रेडिटला 15 तास धरले जातात. चार क्रेडिटचा पेपर चार युनिटांत वाटलेला असेल, तर एकेका युनिटवर तेवढे तास येतात. अभ्यासक्रमाच्या कागदावर हे ठीक दिसतं, पण तेच युनिट जसंच्या तसं मॉड्यूल म्हणून चढवलं की मोबाइलच्या पडद्यावर संपता न संपणारी यादी तयार होते.

गोव्याच्या इतिहासाच्या कोर्समधलं 'मुक्तीनंतरचा गोवा' हे युनिट घ्या. 1961 ची मुक्ती, 1963 ची पहिली विधानसभा निवडणूक, 1967 चा जनमत कौल, 1987 चा राजभाषा कायदा आणि घटकराज्याचा दर्जा, हे सगळं एकाच मॉड्यूलमध्ये कोंबण्यात काही अर्थ नाही. मुक्ती आणि पहिली निवडणूक एकत्र ठेवा, जनमत कौल स्वतंत्र करा, राजभाषा आणि घटकराज्य तिसऱ्यात घ्या. एका आठवड्यात पुरं होईल एवढंच एका मॉड्यूलमध्ये असावं.

मग उद्दिष्ट लिहा, आणि ते तपासता येईल असं लिहा. 'जनमत कौल समजून घेणे' हे उद्दिष्ट कुणी गाठलं की नाही, कसं कळणार? त्याऐवजी असं लिहा: '16 जानेवारी 1967 च्या कौलात महाराष्ट्रात विलीनीकरणासाठी फूल आणि केंद्रशासित प्रदेशासाठी दोन पानं अशी चिन्हं होती, दोन्ही बाजूंचे प्रत्येकी दोन मुद्दे स्वतःच्या शब्दांत मांडता येणे.' आता प्रश्न काय विचारायचा हे आपोआप ठरतं. पुष्कळ कोर्सांत व्हिडिओ कारणं समजावतो आणि क्विझ मात्र फक्त सनावळ्या विचारते. मुलं हुशार असतात. दुसऱ्या मॉड्यूलपासून ती व्हिडिओ बघणं सोडून सनावळ्याच पाठ करतात.

क्रम एकदा ठरवा, मग हलवू नका

या आठवड्यात काय आहे, काय पाहायचं, काय वाचायचं, काय करून द्यायचं आणि कधीपर्यंत, हा क्रम सगळ्या मॉड्यूल्समध्ये तोच हवा. 'स्वयम' या केंद्र सरकारच्या ऑनलाइन कोर्सच्या पोर्टलवरच्या कोर्सांत व्हिडिओ, वाचनसाहित्य, चर्चा आणि स्वयंमूल्यमापन असे चार भाग ठरलेले असतात. तो साचा उसना घ्यायला हरकत नाही. मात्र साचा आहे म्हणून प्रत्येक मॉड्यूलमध्ये चर्चा घुसडू नये. वादाचा मुद्दाच नसेल तर खाली 'नाइस व्हिडिओ सर' एवढंच जमा होतं. जो भाग नको तो गाळावा, पण उरलेल्यांची जागा बदलू नये.

नावं आणि फाँट

'मॉड्यूल 10' हे 'मॉड्यूल 2'च्या आधी जाऊन बसतं, कारण बऱ्याच ठिकाणी यादी आकड्याच्या किमतीने नव्हे तर अक्षराअक्षराने लावली जाते. म्हणून 01, 02 असे दोन अंकी क्रमांक द्या. 'फायनल न्यू 2' अशा नावाची फाइल विद्यार्थ्यांपुढे ठेवू नये, हे सांगावं लागू नये, पण लागतं.

आपल्याकडे आणखी एक घोळ होतो. व्हिडिओ इंग्रजीत, नोट्स मराठीत, प्रश्न दोन्हींत. मग एकीकडे 'ओपिनियन पोल', दुसरीकडे 'जनमत कौल', तिसरीकडे 'सार्वमत' येतं आणि पहिल्या वर्षाच्या मुलाला वाटतं या तीन वेगळ्या घटना आहेत. एक शब्द निवडा आणि दुसरा फक्त पहिल्या वेळी सोबत द्या. जुन्या, युनिकोड नसलेल्या फाँटमधल्या नोट्स वर्ड फाइल म्हणून देऊ नका. फोनवर नुसती चिन्हं दिसतात. मजकूर युनिकोडमध्ये आणा, निदान पीडीएफ तरी करा.

"उघडत नाही" म्हणजे नेमकं काय?

ड्राइव्हची लिंक नुसती चिकटवली असेल तर आधी परवानगी तपासा. गूगल क्लासरूममध्ये वर्कशीट जोडताना 'प्रत्येक विद्यार्थ्यासाठी प्रत' हा पर्याय पोस्ट करण्याआधीच निवडावा लागतो. चुकून संपादनाची परवानगी दिली, तर सगळा वर्ग एकाच कागदावर लिहीत सुटतो आणि कुणाचं उत्तर कुणी पुसलं ते शोधत बसावं लागतं.

मूडलवर (कोर्स चालवण्याचं एक सॉफ्टवेअर) क्विझ बंदच राहते तेव्हा कारण बहुधा आधीच्या घटकात असतं. 'व्हिडिओ पूर्ण झाल्यावरच क्विझ' अशी अट घातलेली असते, पण पूर्ण झाल्याची खूण विद्यार्थ्याने स्वतः करायची असते आणि ते त्याला कुणी सांगितलेलं नसतं. अशा अटी शिक्षकाच्या खात्यातून नीट दिसत नाहीत. एक चाचणी विद्यार्थी खातं बनवा आणि त्यातून सुरुवातीपासून शेवटपर्यंत जा, तेही फोनवर.

व्हिडिओ छोटे ठेवा. एडएक्स या ऑनलाइन कोर्सच्या संकेतस्थळावरच्या कोर्सांवरच्या 2014 च्या एका अभ्यासात, व्हिडिओ कितीही लांब असला तरी पाहण्याच्या वेळेचा मध्यक 6 मिनिटांच्या पुढे जात नव्हता. शिवाय 2020 मध्ये गोव्याच्या सांगे तालुक्यात मुलं ऑनलाइन वर्गाच्या नेटवर्कसाठी डोंगर चढत होती, हे विसरू नये. व्हिडिओसोबत त्याच मजकुराची हलकी पीडीएफ द्या.

पुढच्या वर्षी तोच कोर्स

"चवथीच्या सुटीनंतर जमा करा" असं व्हिडिओत बोलून ठेवू नका. गणेश चतुर्थी 2025 मध्ये 27 ऑगस्टला होती, 2026 मध्ये 14 सप्टेंबरला आहे. तारखा व्हिडिओत, नोट्समध्ये किंवा सूचनांच्या पीडीएफमध्ये विखुरण्यापेक्षा असायनमेंटच्या सेटिंगमध्येच असू द्याव्यात. मूडलवर कोर्स रीसेट करताना नवी सुरुवातीची तारीख दिली की बाकीच्या तारखा त्यानुसार सरकतात. पण एखादी मुदत त्यामुळे रविवारी किंवा ऐन चवथीत पडते; ती हातानेच हलवावी लागते.