विसरभोळेपणावर वनौषधी देण्यापूर्वी आणि देताना

घरातील वडीलधाऱ्या व्यक्तीला सकाळी भेटून गेलेले पाहुणे संध्याकाळी आठवेनासे झाले किंवा रोजच्या वाटेवर चुकल्यासारखे होऊ लागले, की बहुतेक घरांत प्रथम ब्राह्मीचे नाव निघते. ते औषध आणण्याआधी तपासणी झालीच पाहिजे, आणि हा क्रम कोणाच्याही आग्रहाखातर बदलू नये. ब-१२ जीवनसत्त्वाची कमतरता, थायरॉइडचे मंदावलेले कार्य, नैराश्य, झोपेच्या गोळ्या किंवा पडल्यानंतर मेंदूवर साचलेले रक्त यांमुळेही स्मरणशक्ती ढासळते, आणि ही कारणे वेळेत सापडल्यास रुग्ण बराच सावरू शकतो. नाशिकमध्ये जिल्हा रुग्णालयात किंवा मेंदूविकारतज्ज्ञांकडे आधी जावे. गोंधळ एक-दोन दिवसांतच वाढला असेल, तर त्याच दिवशी रुग्णालय गाठावे.

निदान झाल्यावर पंचवटीतील गणेशवाडीच्या आयुर्वेद महाविद्यालयासारख्या ठिकाणी प्रशिक्षित वैद्यांचा सल्ला घ्यावा आणि सोबत चालू असलेल्या सर्व गोळ्यांची यादी न्यावी. चरकसंहितेने चार मेध्य रसायने, म्हणजे बुद्धी व स्मरणासाठीची औषधे, सांगितली आहेत: मंडूकपर्णीचा स्वरस (ताजा रस), दुधासह ज्येष्ठमधाचे चूर्ण, गुळवेलीचा रस आणि शंखपुष्पीचा कल्क (वाटून केलेला लगदा). यांतील कोणते द्यावे, हे रुग्ण पाहूनच ठरते. ज्येष्ठमध रोज घेतल्यास रक्तदाब वाढतो व शरीरातील पोटॅशियम घटते, म्हणून रक्तदाबाच्या किंवा हृदयरोगाच्या रुग्णाला ते परस्पर देऊ नये. गुळवेल घेणाऱ्या काही रुग्णांत यकृताला इजा झाल्याच्या नोंदी आहेत. यकृताचा विकार असलेल्यांना ती वैद्यांना न विचारता देऊ नये.

वनस्पतीची ओळख हा खरा अवघड भाग आहे, कारण ब्राह्मी या एकाच नावाने दोन वेगळ्या वनस्पती विकल्या जातात. मंडूकपर्णीचे पान गोलसर, मूत्रपिंडाच्या आकाराचे, कडेला बारीक दातेरी आणि लांब देठावर उभे असते. जलब्राह्मीची पाने मात्र लहान, जाडसर, मांसल असून जमिनीवर पसरणाऱ्या फांदीवर समोरासमोर येतात. काष्ठौषधीच्या दुकानातील वाळलेल्या चुऱ्यात हा फरक दिसत नाही, म्हणून ताजे रोप ओळखून कुंडीत लावणे मला अधिक भरवशाचे वाटते. गटारालगतच्या ओलीतून ते कधीही उपटून आणू नये, कारण जलब्राह्मी पाण्यातील जड धातू शोषून घेते.

अपेक्षाही नेमकी ठेवावी. निरोगी प्रौढांना सुमारे 12 आठवडे जलब्राह्मीचा अर्क देऊन झालेल्या काही चाचण्यांत स्मरणात थोडी सुधारणा दिसली. स्मृतिभ्रंश तिने बरा होतो, असे सिद्ध झालेले नाही. स्मरणासाठी विकल्या जाणाऱ्या जिंकगो या झाडाच्या पानांच्या अर्काचा गाजावाजा फार झाला, परंतु अमेरिकेत 3,000 हून अधिक वृद्धांवर झालेल्या आणि 2008 मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत त्याने स्मृतिभ्रंश टळला नाही. दुसरीकडे, आज अल्झायमरसाठी डॉक्टर देतात त्या गॅलँटामीनचा मूळ स्रोत वनस्पतीच आहे. फरक इतकाच, की त्याची मात्रा मोजलेली आणि तपासलेली असते.

नावावर भाळून स्मृतिसागर रस हे तयार आयुर्वेदिक औषध आणू नये. त्यात पारा आणि आर्सेनिकची संयुगे असतात, आणि पारा स्वतःच मज्जासंस्थेला घातक असल्यामुळे स्मरणाची तक्रार असलेल्या वृद्धाला तो परस्पर देणे मला अक्षम्य वाटते.

एका वेळी एकच औषध सुरू करावे आणि वहीत तारीख, मात्रा, झोप, भूक, शौच व नाडी यांची नोंद ठेवावी. डोनेपेझिल ही अल्झायमरची गोळी चालू असताना ब्राह्मी दिल्यास मळमळ, जुलाब किंवा मंद नाडी यांकडे विशेष लक्ष द्यावे, आणि असे काही दिसताच ब्राह्मी थांबवून डॉक्टरांना कळवावे. डॉक्टरांची गोळी मात्र स्वतःहून बंद करू नये. मधुमेहींसाठी साखरेच्या पाकातील सिरप टाळावे. डबा रुग्णाच्या हाताशी ठेवू नये. औषध घेतल्याचे विसरून तो पुन्हा घेतो, म्हणून मात्रा घरातील एकाच ठरलेल्या व्यक्तीने द्यावी आणि देताच वहीत खूण करावी.