टॉर्चमध्ये सेल घालून ठेवताय? या चुका टाळा

रात्री अचानक दिवे गेले. चाचपडत कपाटातली टॉर्च काढली, बटण दाबलं, काहीच नाही. झाकण फिरवायला गेले तर ते जागचं हलेना. सकाळी पकडीने उघडलं तेव्हा स्प्रिंगवर बुरशीसारखी पांढरी-हिरवट पूड दिसली. सेलवरची मुदत संपायला अजून चार वर्षं होती.

तारीख खोटी नव्हती. अल्कलाइन सेल नुसता पडून राहिला तर साध्या खोलीत वर्षाला २-३ टक्केच उतरतो, म्हणून त्यावर ५ ते १० वर्षांची मुदत छापतात. पण ती न वापरलेल्या सेलची. अर्धा वापरलेला सेल टॉर्चमध्ये विसरला की उतरण्यापेक्षा गळण्याचीच भीती जास्त. आतल्या जस्तापासून हळूहळू हायड्रोजन वायू तयार होतो, दाब वाढतो, सील सुटतं आणि पोटॅशियम हायड्रॉक्साइड हे आतलं दाहक रसायन बाहेर झिरपतं. हवेतल्या कार्बन डायऑक्साइडशी मिळून त्याचीच ती पांढरी पूड होते.

सगळ्यात जास्त नुकसान करणारी चूक म्हणजे एक जुना आणि दोन नवे सेल एकत्र घालणं. कमजोर सेल आधी रिकामा होतो, बाकीचे त्याच्यातून वीज ढकलत राहतात, तो उलटा चार्ज व्हायला लागतो आणि गळतो. बदलायचे तर सगळे एकदम, एकाच प्रकारचे.

दुसरी चूक लक्षातच येत नाही. हलक्या दाबाच्या इलेक्ट्रॉनिक बटणाची टॉर्च बंद असतानाही थोडी वीज खात असते. अशा बऱ्याच धातूच्या टॉर्चचं मागचं झाकण पाव फेरा सैल केलं की जोड तुटतो. झाकण सैल केल्यावर बटण दाबून बघा. दिवा लागला नाही म्हणजे जमलं.

साधे रिचार्जेबल सेल अशा टॉर्चला नकोतच, काही महिन्यांत आपोआप उतरतात. सेल फ्रिजमध्येही ठेवू नका, बाहेर काढल्यावर त्यांच्यावर दव धरतं. उन्हात तापणाऱ्या गाडीत तर नकोच नको.

माझं मत विचाराल तर अडीअडचणीच्या टॉर्चला दीड व्होल्टचे, रिचार्ज न होणारे लिथियम सेल घ्या. महाग पडतात, पण क्वचितच गळतात आणि त्यांची मुदत बहुधा १० वर्षांहून जास्त असते. मात्र टॉर्चला ते चालतात ना, हे आधी बघून घ्या. अल्कलाइनच वापरायचे तर बाहेर काढून पिशवीत घाला आणि ती पिशवी टॉर्चलाच बांधा. अंधारात सेल बसवायचा सराव एकदा नक्की करा.

गळती झालीच असेल तर हातमोजे घाला, डोळे सांभाळा. अल्कलाइनच्या पुडीवर व्हिनेगर किंवा लिंबाचा रस लावलेला कापसाचा बोळा फिरवा. थोडा फेस येईल. मग ओल्या फडक्याने पुसून पूर्ण वाळू द्या. स्प्रिंग काळी पडली असेल तर बारीक पॉलिश पेपरने घासा. ती गंजून तुटायला आली असेल, तर त्या टॉर्चच्या भरवशावर राहू नका.