लेक्चरला पोरं बोलती करायची असतील तर हे करून बघा

सांगलीत भूगोल शिकवत असाल तर गुगल फॉर्मवर एकच प्रश्न टाका, कोयनेतून विसर्ग वाढवला की सांगलीतल्या कृष्णेवरच्या आयर्विन पुलापाशी पाणी लगेच चढतं का वेळ लागतो, आणि का? आधी प्रत्येकानं एकट्यानं उत्तर द्यायचं, आकडे तुम्हीच बघा, स्क्रीनवर अजिबात दाखवू नका, नाहीतर सगळी पोरं जास्त मतांकडं पळतात. मत फुटलेलं दिसलं की शेजाऱ्याला पटवून द्यायला सांगा, मग परत मतदान. हार्वर्डचे एरिक माझूर फिजिक्स असंच शिकवायचे. खरं शिकणं या वादातच होतं, तिथं घाई नको. मोबाईल नसेल त्याला कागद द्या. ग्रुपचा रिपोर्ट गुगल डॉक्सवर घ्या, व्हर्जन हिस्ट्रीत कुणी काय लिहिलं ते कळतं.