अपघात झाल्यावर “जाऊ द्या, आपसात मिटवू” म्हणता? मग या चुका टाळा

२०२४ चा पावसाळा, संध्याकाळचे सात वाजले असतील, मी नागपुरात अ‍ॅक्टिव्हानं उमरेड रोडनं दिघोरीकडे चाललो होतो आणि एक पिकअपवाला राँग साइडनं आला आणि सरळ ठोकून दिलं. पडलो, उठलो, कपडे झटकले. हातपाय शाबूत, डोक्यात हेल्मेट, गाडीचं फक्त समोरचं पॅनल तुटलेलं. ड्रायव्हर पोरगाच होता, हात जोडून म्हणे, “भाऊ, मालक पगार कापते ना, पोलिस कायले बोलावता, आपसात करून घेऊ.” जमलेली गर्दीही म्हणाली मिटवा. त्यानं जागेवर फोनवरून चार हजार टाकले, मी हिरोसारखा “जा बाबा, सांभाळून चालव” म्हटलं आणि घरी आलो.

दुसऱ्या दिवशी सकाळी गुडघा टरबुजासारखा. एमआरआय केला तर लिगामेंट फाटलेलं. ऑपरेशन, फिजिओ, अडीच महिने घरी, पावणेदोन लाखाच्या वर खर्च. चार हजारात मिटवलं होतं ना मी!

तेव्हापासून भरपाईच्या दाव्यासाठी कोर्टाच्या चकरा मारून राहिलो, तिथल्या बाकावर बसून इतरांच्याही कहाण्या ऐकल्या. बहुतेकांची केस पहिल्या आठ दिवसांतच बिघडलेली असते, कोर्टात ते फक्त नंतर दिसते. म्हणून हे लिहितोय.

सगळ्यात मोठी चूक : दवाखान्यात “गाडी स्लिप झाली” सांगणं

ही माझ्या साळ्यानं केली, बिचाऱ्यानं चांगल्या मनानं केली. दवाखान्यात काउंटरवर विचारलं कसं लागलं, तर हा म्हणाला “गाडी स्लिप झाली”, कारण कोणीतरी त्याला सांगून ठेवलं होतं की अ‍ॅक्सिडेंट म्हटलं की एमएलसी (मेडिको-लीगल केस, म्हणजे दवाखान्यानं पोलिसांना कळवायची नोंद) होते, पोलिस येतात, डिस्चार्जला त्रास होतो. डॉक्टरनं केस पेपरवर तेच उतरवलं. एक ओळ. तीच ओळ डिस्चार्ज कार्डवर गेली, आता इन्शुरन्स कंपनीचा वकील दर तारखेला तोच कागद वर काढतो. त्याचं म्हणणं सोपं आहे, तुम्हीच सांगितलं स्लिप झाली, मग आमचा पिकअप कुठून आला?

तर दवाखान्यात जो कोणी जाईल त्यानं जे झालं तेच सांगायचं, कोणत्या गाडीनं ठोकलं, कुठं, किती वाजता. एमएलसी झाली तर होऊ द्या, ती तुमच्याच कामाची आहे. मेडिकल, मेयो, एम्स असो की गल्लीतलं नर्सिंग होम, भरती करताना लिहिलेला मजकूर एकदा वाचून घ्या, शुद्धीवर असाल तर स्वतः, नाहीतर घरच्यानं.

आणि आधीच चुकीचं लिहिलं गेलं असेल तर? मी उशिरा केलं, तुम्ही लगेच करा. दवाखान्याला लेखी अर्ज द्या की माहिती देणारा नातेवाईक घटनास्थळी नव्हता, त्यानं ऐकीव सांगितलं, अर्जाच्या कॉपीवर त्यांचा शिक्का घ्या. पोलिसांकडे जबाबात हीच गोष्ट सांगा. पाहणारा कोणी असेल, पानठेलेवाला, चहावाला, त्याचा नंबर घ्या. जुना कागद खोडला जात नाही, पण त्याच्यासमोर ठेवायला काहीतरी हातात राहते.

एफआयआर उशिरा, किंवा नाहीच

मी एकोणीस दिवसांनी गेलो. ठाण्यात पहिला प्रश्न, “इतके दिवस काय करत होता?” उशीर झाला म्हणून केस मरत नाही, उपचारात माणूस अडकला होता हे कोर्टालाही समजते, पण उशिराचं कारण मात्र नीट सांगावं लागते. आता १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहिता आहे, निष्काळजीपणे गाडी चालवल्याचं कलम २८१, दुखापतीचं १२५, मृत्यू झाला तर १०६. अपघात दुसऱ्या ठाण्याच्या हद्दीत झाला असेल तरी झिरो एफआयआर घेता येते, “आमच्या हद्दीत नाही” ऐकून परत येऊ नका.

एफआयआर झाल्यावर स्पॉट पंचनामा, गाड्यांचे इन्शुरन्स, लायसन्स हे सगळं पोलिसांच्या अपघात अहवालात जाते, पहिला अहवाल ४८ तासांत आणि सविस्तर अहवाल ९० दिवसांत ट्रिब्युनलकडे, म्हणजे अपघाताची भरपाई ठरवणाऱ्या कोर्टाकडे, जायला पाहिजे असा नियम आहे. नियम आहे म्हटलं मी. तुम्ही ठाण्यात जाऊन विचारत राहा.

सीसीटीव्हीचं तर फार झटपट बघावं लागते. चौकातले कॅमेरे असोत की दुकानदाराचा डीव्हीआर, काही दिवसांनी जुन्यावर नवीन चढते आणि तुमचा पिकअप कायमचा गायब. दुकानदाराला हात जोडून त्याच दिवशी मोबाईलवर रेकॉर्ड करून घ्या, पोलिसांना लेखी अर्ज द्या की फुटेज जप्त करा. मी गेलो तोपर्यंत त्या किराणावाल्याकडे फक्त आदल्या आठवड्यातल्या गाई होत्या.

जागेवर पैसे घेणं

घेऊच नका. लागलं नाही असं वाटते कारण अंगात तेव्हा गरमी असते, सूज रात्री येते, डोक्याला लागलं असेल तर दुसऱ्या दिवशी चक्कर येते. वकील म्हणाले तेवढ्या चार हजारांनी हक्क संपत नाही, पण समोरचा तो ट्रान्सफर दाखवून म्हणतो बघा, मिटलं होतं. त्यापेक्षा गाडीच्या नंबरचा, गाड्या पडल्या त्या जागेचा, ब्रेकच्या खुणांचा फोटो काढा, ड्रायव्हरचं लायसन्स बघा. एमपरिवहन अ‍ॅपवर गाडीचा नंबर टाकला की इन्शुरन्स कधीपर्यंत आहे तेही दिसते. ड्रायव्हर गरीब आहे हे खरंच असते हो, पण थर्ड पार्टी इन्शुरन्स (गाडीमुळे दुसऱ्याचं झालेलं नुकसान भरून देणारा) असेल तर पैसे त्याच्या खिशातून जातच नाहीत, कंपनी देते. गाडीला तो काढणं कायद्यानं सक्तीचं त्याच्यासाठीच आहे. मला हे तेव्हा माहीत असतं तर त्या पोराला मीच समजावलं असतं.

इथंच एक उलट गैरसमज पण निस्तरतो. चूक आपली असेल, किंवा खरंच एकटेच घसरून पडलो, तर आपल्याच गाडीचा थर्ड पार्टी आपल्याला काही देत नाही. त्याच्यासाठी मालक-चालकाचं पर्सनल अ‍ॅक्सिडेंट कव्हर असते, १५ लाखांचं, पण ते मृत्यू किंवा मोठ्या कायमच्या अपंगत्वाला, माझ्यासारख्या लिगामेंटला नाही, आणि लायसन्स चालू पाहिजे. मागं बसलेल्या माणसाचं तर नुसत्या थर्ड पार्टी पॉलिसीत कव्हर होत नाही, पॅकेज (कॉम्प्रिहेन्सिव्ह) पॉलिसी लागते. बायको-पोरांना मागं बसवून फिरणाऱ्यांनी आज घरी जाऊन पॉलिसी बघा.

गाडी पळून गेली म्हणून सोडून देणं

बाकावर एक मावशी भेटल्या, हिंगणा रोडला मुलाला ट्रकनं उडवलं, नंबर कोणीच पाहिला नाही, दीड वर्ष घरी बसून होत्या की नंबर नाही तर कोणावर केस करणार. कायद्यात हिट अँड रनसाठी वेगळी सोय आहे, १ एप्रिल २०२२ पासून मृत्यू झाला तर २ लाख, गंभीर दुखापतीला ५० हजार, अर्ज कोर्टात नाही, एसडीओ (उपविभागीय अधिकारी) किंवा तहसीलदाराकडे. रक्कम थोडी आहे, मान्य. पण हे सांगणारा त्यांना दीड वर्षात कोणी भेटला नाही याचंच मला वाईट वाटलं. त्यासाठीही एफआयआर आणि दवाखान्याचे कागद पाहिजेच.

उपचारासाठी पैसे नाहीत म्हणून थांबणं हे पण आता कमी व्हायला पाहिजे. मे २०२५ पासून कॅशलेस उपचाराची केंद्राची योजना आहे, अपघातापासून सात दिवस, माणशी दीड लाखापर्यंत, यादीतल्या दवाखान्यात. पोलिसांचं कन्फर्मेशन लागते, म्हणजे फिरून गोष्ट तिथंच येते, ११२ ला फोन करा आणि खरं सांगा. रस्त्यावर पडलेल्याला उचलायला भिणाऱ्यांनाही सांगतो, कायद्यात मदत करणाऱ्याला संरक्षण आहे, तुमचं नाव सांगायची जबरदस्ती कोणी करू शकत नाही. पहिला तास महत्त्वाचा असतो, व्हिडिओ काढत उभं राहू नका.

सहा महिने

मोटार वाहन कायद्याच्या कलम १६६ मध्ये आता अपघातापासून सहा महिन्यांत दावा टाका असं लिहिलंय. या मुदतीवर सुप्रीम कोर्टात वाद चालू आहे, पण त्या भरवशावर कोणी झोपू नका. दावा तुम्ही राहता तिथंही टाकता येते. १ जुलै २०२३ ला नागपूरहून पुण्याला निघालेली बस समृद्धीवर सिंदखेडराजाजवळ जळाली, २५ जण गेले. तसा अपघात बुलढाणा जिल्ह्यात झाला तरी नागपूरच्या माणसाला तिकडे खेटे घालायची गरज नाही, आपल्या सिव्हिल लाइन्समधल्या ट्रिब्युनलमध्ये टाकता येते. ट्रॅव्हल्सनं जाता तर तिकिटाचा मेसेज डिलीट करू नका, एवढं तरी करा.

कागद, कागद, कागद

मेडिकल स्टोअरची बिलं थर्मल कागदावर असतात. मी ती अलमारीत, पिशवीत ठेवली, मे महिन्यात उघडली तर अर्धी कोरी, नागपूरचा उन्हाळा त्यांनाही झेपला नाही. बिल हातात आलं की त्याच दिवशी झेरॉक्स आणि फोटो.

उत्पन्नाचा पुरावा लोक विसरतात. “मी तर दिहाडीवर जातो, माझा कुठला पगार” म्हणून गप्प बसतात. ठेकेदाराचं पत्र, बँकेतली जमा, ठेल्याचं लायसन्स, काहीही चालते, गृहिणीच्या कामाचीही किंमत कोर्ट धरते. हिशोब कसा होतो ते एकदा बघाच. समजा ३२ वर्षांचा ऑटोवाला, महिना १५ हजार, पाय अधू झाल्यानं कमाईची ताकद २० टक्के गेली. वर्षाचे १ लाख ८० हजार, त्याचे २० टक्के ३६ हजार, कोर्ट वयाप्रमाणे जो गुणक धरते तो त्या वयाला १६, झाले ५ लाख ७६ हजार. भविष्यातली कमाईची वाढ, दवाखान्याचा खर्च, वेदनेचे पैसे, व्याज हे सगळं वेगळं. यातला महिन्याचा आकडा सिद्ध झाला नाही तर सगळा गुणाकारच खाली येतो.

अपंगत्वाच्या टक्क्यांतही घोळ होतो. सर्टिफिकेटवर पाय ४० टक्के लिहिलं म्हणून कमाई ४० टक्के गेली असं नसते. तोच पाय कारकुनाचा असेल तर थोडं नुकसान, ड्रायव्हरचा असेल तर धंदाच बसला. तुमचं काम काय आणि त्यातलं नेमकं काय आता होत नाही हे जबाबात सांगा. क्लच दाबता येत नाही, असं.

दलाल आणि कोऱ्या सह्या

वॉर्डात गोड बोलणारे येतात, “भाऊ, एक पैसा देऊ नका, मिळाल्यावर वीस टक्के.” वकिलाला नुकसानभरपाईत टक्केवारी ठरवायला बार कौन्सिलच्या नियमात मनाई आहे, म्हणजे सुरुवातच नियम मोडून. इन्शुरन्स कंपनीचा इन्व्हेस्टिगेटरही घरी येतो, चहा पितो, कोऱ्या फॉर्मवर सही मागतो. चहा पाजा. सही नका देऊ. आणि लोकअदालतीत तडजोड केली की ती शेवटची, नंतर अपील नाही, म्हणून तिथं घाईत “हो” म्हणू नका, हिशोब घरून करून जा.

हेल्मेटचं थोडक्यात सांगतो. नसलं म्हणून दावा संपत नाही, पण डोक्याला लागलं तर “यांचीही चूक” म्हणून रक्कम कापायला समोरच्याला मुद्दा मिळतो. माझं होतं, ते एकच काम मी बरोबर केलं होतं.

आणि खड्डे. खड्ड्यात पडला तर कोणाला पकडणार असं आपण म्हणतो, पण ऑक्टोबर २०२५ मध्ये मुंबई हायकोर्टानं खड्ड्यामुळे किंवा उघड्या मॅनहोलमुळे मृत्यूला ६ लाख आणि जखमीला ५० हजार ते अडीच लाख, ज्याचा रस्ता त्यानं द्यायचे असा आदेश दिलाय. म्हणून खड्ड्याचा फोटो त्याच दिवशी काढा, शेजारी चप्पल नाहीतर बाटली ठेवून, म्हणजे खोली दिसते. सकाळी मुरूम टाकून जातात हो.

माझी केस अजून चालू आहे. पुढच्या तारखेला डॉक्टरांची साक्ष आहे, त्यांना विचारणार आहेत की नुसती गाडी घसरून गुडघा असा फाटतो का. साळा येतो म्हणाला सोबत, त्याला म्हटलं ये, पण काउंटरवर काही बोलू नको.