टीव्हीवर ढोल वाजतो, चित्र दिसत नाही

गोव्यातल्या फोंड्याच्या शिमगोत्सवातल्या रोमटामेळाचा, म्हणजे ढोल-ताशांच्या नाचत्या मिरवणुकीचा, 40 मिनिटांचा व्हिडिओ. घरच्या जुन्या टीव्हीवर नुसता ढोल ऐकू येई, पडदा काळा. फाइल एचईव्हीसीत होती, म्हणजे व्हिडिओ दाबून साठवण्याच्या नव्या पद्धतीत; जुन्या टीव्हीला ती वाचता आली नाही. एच.264 ही जुनी पद्धत, एमपी4 फाइल, 1080पी, आवाज एएसी 192 केबीपीएस असं पुन्हा एक्स्पोर्ट केल्यावर चित्र आलं.

पण 5 एमबीपीएस बिटरेटला (सेकंदाला 5 मेगाबिट डेटा) उधळलेल्या गुलालाचे चौकोनी ठोकळे झाले. प्रत्येक कण वेगळा हलतो, एवढ्याशा डेटात तो मावत नाही. 12 एमबीपीएसवर गुलाल गुलालासारखा दिसला! मिनिटाला सुमारे 91 एमबी, एकूण 3.6 जीबी. फार वर जाऊ नका, फॅट32 पद्धतीने फॉरमॅट केलेला पेनड्राइव्ह 4 जीबीपेक्षा मोठी फाइल घेतच नाही.

ताशाची काठी आणि आवाज शेवटाकडे जुळेनासे झाले, तर दोष बहुधा मोबाइलच्या बदलत्या फ्रेमरेटचा (सेकंदाला किती चित्रं, त्याचा). एडिटआधीच क्लिप हँडब्रेक या व्हिडिओ बदलणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये कॉन्स्टंट 30, म्हणजे सेकंदाला कायम 30 चित्रं, करून घ्या.