जपानी गल्लीत नांदायचं कसं

तोक्योच्या निशिकासाई भागात आपली माणसं इतकी आहेत, की कढीपत्त्यापासून उडदाच्या डाळीपर्यंत सगळं मिळतं आणि जपानी शेजाऱ्याशी अवाक्षर न बोलता वर्षं निघतात. मी म्हणते, तसं राहू नका.

नव्या घरी आल्यावर 14 दिवसांत वॉर्ड ऑफिसात पत्ता नोंदवायचा, हे कंपनीवाले सांगतातच. त्याच आठवड्यात शेजाऱ्यांकडेही जाऊन या, हे कुणी सांगत नाही. बैठं घर असेल तर समोरची तीन आणि दोन्ही बाजूंची एकेक अशी पाच घरं. फ्लॅट असेल तर दोन्ही बाजू, वर आणि खाली. पोरं धावणारी असतील तर खालचं घर मुळीच चुकवू नका. पाचेकशे येनांचा टॉवेल किंवा बिस्किटांचा पुडा पुरे, आणि दारातच बोलायचं, आत शिरायचं नाही. बाकरवडी पुढच्या भेटीला.

मग कचरा. इथली अर्धी अब्रू त्यात आहे. जळणारा कचरा आठवड्यातून दोनदा, सकाळी आठच्या आत. आदल्या रात्री ठेवलात तर पहाटे कावळे पिशवी फाडतात. म्हणून वर जाळी असते, ती नीट ओढून कडा दाबायच्या. पाण्याच्या बाटलीचं झाकण काढा, लेबल सोला, बाटली विसळून चेपा. दुधाचं खोकं धुऊन, कापून, सपाट वाळवा. चकल्या तळून उरलेलं तेल सिंकमध्ये ओतायचं नाही. सुपरमार्केटात ते गोठवायची पूड मिळते. गरम तेलात ढवळायची, थंड झालं की वडी निघते, ती जळणाऱ्या कचऱ्यात. चुकीची पिशवी गाडीवाले स्टिकर लावून तिथेच ठेवून जातात, आणि ती कुणाची हे गल्लीला न सांगता कळतं.

गाडी वॉर्डाची; पण ती जाळी, झाडलोटीची पाळी, बऱ्याच ठिकाणी गल्लीतले दिवेसुद्धा चोनाइकाई बघते. ही शेजाऱ्यांची संघटना, तोक्योत तिला बरेचदा नुसतं चोकाई म्हणतात. सभासद होणं सक्तीचं नाही. वर्गणी बहुतेक ठिकाणी महिन्याला काहीशे येन. व्हा सभासद. जुन्या पिढीतले काही जण नाकं मुरडतात, त्याला कारण आहे: 1940 मध्ये सरकारने या मंडळांना आपल्या हाताखाली घेतलं, युद्धात रेशन त्यांच्यामार्फत वाटलं आणि शेजाऱ्याला शेजाऱ्यावर नजर ठेवायला लावलं. 1947 मध्ये अमेरिकी अमलाखाली त्यांच्यावर बंदी आली. तो अंमल 1952 मध्ये संपल्यावर ती पुन्हा उघडपणे उभी राहिली.

सभासद झालात की काइरानबान येईल: पाठीला पुठ्ठा, त्यावर सूचनांचे कागद आणि घरांची यादी. फोनचा कॅमेरा धरून भाषांतर वाचा, नावापुढे शिक्का किंवा सही करा, पुढच्या दाराला लावा. दोन दिवसांवर अडकवून ठेवू नका. मे महिन्यात पुण्याला जाणार असाल तर आधी हानचोला, म्हणजे गटप्रमुखाला, सांगून जा. हे पद फिरतं असतं, तुमच्यावरही येईल. भाषेचं कारण पुढे करून टाळू नका. वर्गणी गोळा करायला चार वाक्यं पुरतात, आणि त्या निमित्ताने प्रत्येक दार उघडतं.

एक गोष्ट अजिबात सोडू नका: आपत्तीची कवायत. ती बरेचदा 1 सप्टेंबरच्या आसपास असते, 1923 चा मोठा भूकंप त्याच तारखेचा. 1995 च्या कोबेच्या भूकंपात ढिगाऱ्याखालच्या बहुतेकांना बाहेर काढलं ते घरच्यांनी आणि शेजाऱ्यांनी. कुठल्या घरात कोण झोपतं, हे त्यांनाच ठाऊक. आमच्या एदोगावा वॉर्डाचा बराच भाग भरतीच्या पातळीखाली आहे. वॉर्डाच्या 2019 च्या पूर-नकाशावर चक्क ‘इथे राहून चालणार नाही’ असं छापलंय. कवायतीत अग्निशामक नळी हातात घ्यायला मिळते, पाणी घातलं की फुलणारा भात मिळतो. शाकाहारी असाल तर पाकिटावरचे घटक वाचा, मसालेभातासारख्या दिसणाऱ्यात बरेचदा मासळीचा अर्क असतो. साधा पांढरा भात आणि मेतकूट घरी ठेवा.

घर सोडताना हानचोला कळवा, काइरानबान घरी असेल तर पुढे द्या. सोफा, गादी यांसारख्या मोठ्या वस्तूंसाठी फोनवर तारीख घ्यावी लागते आणि दुकानातून शुल्काचं स्टिकर आणून चिकटवावं लागतं. मार्चमध्ये सगळा देश घरं बदलतो, तेव्हा तारीख फेब्रुवारीतच मागा.